एका डोळ्यानं पाहिलेलं एडिनबरा

तुमच्या घरी व्ह्यू-मास्टर होता का? तोच तो, लाल प्लॅस्टिकचा, दुर्बिणीसारखा दिसणारा. वरच्या फटीत गोल चकती सरकवायची, डोळ्यांना लावायचा, बाजूचा खटका खाली ओढला की पुढचं चित्र! आमच्याकडे तो मामेभावाचा वापरून झालेला आला होता. चकत्या तीनच. एक ताजमहालाची, एक कार्टूनची आणि एक डायनोसॉरची. "बघ, कसा अंगावर येतो!" मामेभाऊ ओरडायचा. आणि मी पण त्याच्या दुप्पट ओरडायचे, "बापरे! हो ना!"

साफ खोटं. माझ्या अंगावर कधीच काही आलं नाही. मला दिसायचा तो एक सपाट डायनोसॉर, शाळेच्या तक्त्यावर असतो तसा.

कारण सोपं आहे. माझा उजवा डोळा आळशी आहे. हो, डॉक्टर लोक खरंच तसंच म्हणतात, लेझी आय. बाहेरून बघितलं तर काही कळत नाही, पण मेंदूनं त्या डोळ्याकडून येणारी चित्रं घेणंच बंद केलंय. सहाव्या वर्षी डॉक्टरांनी पट्टी दिली होती. चांगला डोळा रोज काही तास झाकायचा, म्हणजे आळशी डोळ्याला झक मारत काम करावं लागतं. शाळेत मला 'समुद्री चाचा' हे नाव पडलं. मी पंधरा दिवस रडून घर डोक्यावर घेतलं आणि सोळाव्या दिवशी बाबांनी पट्टी कचऱ्यात टाकली. "राहू दे, पोरीला रडवू नका." विषय संपला. आईनं मात्र तो अजून संपवलेला नाही.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे मी जिथे जाऊन आले ते गाव. एडिनबरा. लोक तिथे किल्ला बघायला जातात, व्हिस्की प्यायला जातात, हॅरी पॉटरसाठी जातात. मी गेले ते मैत्रीण तिथे एम.एस्सी. करतेय आणि तिच्या हॉलमधला सोफा फुकट होता म्हणून. (फ्रीलान्सरला सुट्टी नसते, फक्त काम नसतं!) पण पोचल्यावर लक्षात आलं की डोळ्यांना फसवण्याच्या धंद्याचं हे एक मोठं माहेरघर आहे. आणि माझे डोळे तर आधीच फसलेले.

अंधारी खोली

रॉयल माइल हा तिथला लक्ष्मी रोड समजा. दोन्ही बाजूंना चौकड्यांच्या शाली, बिस्किटांचे डबे, कोपऱ्याकोपऱ्यावर बॅगपाइप वाजवणारा एकेक इसम. रस्ता चढत चढत किल्ल्यापर्यंत जातो आणि किल्ल्याच्या अगदी आधी उजव्या हाताला एक उंच इमारत दिसते, डोक्यावर पांढरा घुमट असलेली. हा कॅमेरा ऑब्स्क्युरा.

नावाचा अर्थ अंधारी खोली, एवढाच. लॅटिनमधला 'कॅमेरा' म्हणजे खोली. पोर्तुगीजांबरोबर तो आपल्याकडे आला आणि हिंदीत 'कमरा' झाला. म्हणजे आपण खिशात घेऊन फिरतो तो कॅमेरा आणि 'दो कमरे का मकान' मधला कमरा हे सख्खे भाऊ! वर एका अंधाऱ्या खोलीत वीसेक जण एका मोठ्या पांढऱ्या, किंचित खोलगट टेबलाभोवती उभे राहतात. घुमटात आरसा आणि भिंगं. गाइड एक दांडा हलवते आणि टेबलावर अख्खं शहर उतरतं. फोटो नाही, व्हिडीओ नाही, या क्षणी बाहेर जे चाललंय ते. चिमण्यांएवढी माणसं चालतायत, बस वळतेय, कुणाच्या तरी धुराड्यातून धूर निघतोय. वीज लागत नाही, सूर्य मात्र लागतो. ढगाळ दिवशी शहर फिक्कं पडतं, आणि स्कॉटलंडमध्ये ढगाळ दिवसांची काय कमी!

मग गाइड तुमच्या हातात पांढऱ्या कागदाचा तुकडा देते. तो टेबलावर ठेवून हळूच वर उचलायचा, की रस्त्यावर चालणारा माणूस तुमच्या कागदावर चढतो. मी एका लाल जॅकेटवाल्या काकांना उचललं, जरा वेळ अधांतरी चालवलं आणि परत रस्त्यावर सोडून दिलं. त्यांना पत्ताच नाही. इतकं गार वाटलं म्हणून सांगू! टेबलावरचं चित्र सपाट असतं, त्यामुळे माझ्यात आणि शेजारच्या जपानी आजोबांत तिथे काहीच फरक नव्हता.

हे दुकान मांडलं एका बाईनं. मारिया थेरेसा शॉर्ट. एडिनबरामध्ये थॉमस शॉर्ट नावाचा दुर्बिणी बनवणारा होता, तो १७८८ मध्ये वारला. १८२७ मध्ये ही बाई वेस्ट इंडिजमधून उगवली आणि म्हणाली, मी त्याची मुलगी, त्याची मोठी दुर्बीण माझी. गावात बऱ्याच जणांचा विश्वास बसला नाही, पण बाईनं दुर्बीण मिळवलीच. १८३५ मध्ये तिनं कॅल्टन हिल नावाच्या टेकडीवर सामान्य लोकांसाठी वेधशाळा काढली. पुढे तिथून तिला हुसकावून लावलं, १८५१ मध्ये तिचं बांधकाम पाडलं. बाई खचली नाही. तिनं किल्ल्याजवळचं हे जुनं घर घेतलं, त्यावर मजले चढवले, घुमट बसवला आणि १८५३ मध्ये पुन्हा दार उघडलं. अतिक्रमणविरोधी कारवाईनंतर आणखी चांगल्या लोकेशनवर गाळा मिळवणारी ही बाई मला फारच आवडली.

आणि आता आपल्या ओळखीचा माणूस. १८९२ मध्ये हा मनोरा घेतला पॅट्रिक गेडिस यांनी. तेच गेडिस, जे १९१९ ते १९२४ मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवत होते आणि ज्यांनी मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांना पुढच्या शिक्षणासाठी इंग्लंडला धाडलं. बी.एम.एम.ला असताना घुर्ये आम्ही पाठ केले होते. गेडिस पाठ केले नाहीत, कारण ते परीक्षेला येत नसत. गेडिस यांनी मनोऱ्याचं नाव 'आउटलुक टॉवर' ठेवलं आणि त्याचा एक उभा धडाच केला. आधी पाहुण्याला धापा टाकत थेट वर न्यायचं, टेबलावरचं शहर दाखवायचं. मग उतरताना एका मजल्यावर एडिनबरा, त्याखाली स्कॉटलंड, त्याखाली इंग्रजी बोलणारे देश, मग युरोप आणि तळाला सगळं जग. वर एक छोटी खोली होती, रिकामी, अंधारी, आत फक्त एक खुर्ची. एवढं सगळं पाहिल्यावर जरा डोळे मिटून बसा, असा तिचा हेतू.

आता त्या मजल्यांवर आरशांचा भूलभुलैया आणि गरागरा फिरणारा बोगदा आहे. शाळेची पोरं किंचाळत असतात. बोगद्यात आपण स्थिर पुलावर चालतो, फिरतं ते फक्त भोवतालचं नळकांडं, तरी पाय लटपटतात. मैत्रीण कठड्याला घट्ट धरून चालत होती. मी आरामात पलीकडे गेले. दोन्ही डोळ्यांनी नीट दिसण्याचे तोटेही असतात तर!

एका डोळ्याची खेळणी

जुन्या काळच्या या खेळण्यांकडे मी माझ्यापुरतं एका वेगळ्या नजरेनं बघायला लागले. एका डोळ्याची खेळणी आणि दोन डोळ्यांची खेळणी.

कॅलिडोस्कोप, म्हणजे आपला शोभादर्शक, एका डोळ्याचा. चौथीत कार्यानुभवाच्या तासाला आपण सगळ्यांनी केलाय. काचेच्या तीन पट्ट्या, पुठ्ठा, ट्रेसिंग पेपर आणि आईच्या फुटक्या बांगड्या. हा शोधला डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश माणसानं, १८१६ च्या सुमारास, प्रकाशाच्या प्रयोगांत गुंतलेला असताना. १८१७ मध्ये पेटंट घेतलं. पण पेटंट हातात येईपर्यंत नमुने बाहेर फिरले होते आणि कुणालाही घरी करता येईल इतकी ती वस्तू सोपी. तीन महिन्यांत लंडन आणि पॅरिसमध्ये दोन लाख कॅलिडोस्कोप विकले गेले असं सांगतात. ब्रूस्टरच्या खिशात त्यातलं फारसं काही पडलं नाही. पायरसी काही आपल्या फुटपाथवर जन्मलेली नाही.

फेनाकिस्टोस्कोप (हे नाव तीनदा भराभर म्हणून दाखवा!) हाही एका डोळ्याचा. बेल्जियमच्या जोसेफ प्लाटूनं १८३२ च्या सुमारास केलेला. पुठ्ठ्याची चकती, कडेकडेनं नाचणाऱ्या माणसाची दहा-बारा चित्रं, प्रत्येक चित्र जरासं वेगळं आणि मध्ये बारीक फटी. आरशासमोर उभं राहायचं, चकती फिरवायची आणि फटींतून आरशात बघायचं. माणूस नाचू लागतो. गंमत फटींमध्ये आहे. नुसती चकती फिरवली तर सगळी चित्रं एकमेकांत मिसळून राखाडी गिलावा होतो. फट प्रत्येक चित्र क्षणभरच दाखवते आणि लगेच झाकते, आणि दोन चित्रांमधलं अंतर मेंदू स्वतःच्या पदरचं घालून भरून काढतो. सिनेमाची सगळी इंडस्ट्री या फटीवर उभी आहे. ज्यानं ती शोधली त्या प्लाटूची दृष्टी मात्र चाळिशीतच गेली. तरुणपणी प्रयोगासाठी तो सूर्याकडे टक लावून बसला होता, आणि त्यामुळेच डोळे गेले असं तो स्वतः मानायचा. आताचे लोक म्हणतात कारण वेगळं असावं.

एडिनबराच्या नव्या भागात, १४ इंडिया स्ट्रीटवर (रस्त्याचं नाव खरंच हे आहे!) जेम्स क्लर्क मॅक्सवेलचा १८३१ मध्ये जन्म झाला. विद्युतचुंबकीय लहरींची समीकरणं लिहिणारा, इंजिनीअरिंगच्या मुलांना छळणारा तोच. लहानपणी त्याला याच चकत्यांचं वेड होतं आणि स्वतः चित्रं काढून तो त्या बनवायचा. पुढे १८६१ च्या मेमध्ये त्यानं लंडनमध्ये रंगीत फोटो कसा बनतो ते दाखवलं. थॉमस सटननं चौकडीच्या रिबिनीचा फोटो तांबड्या, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून वेगवेगळा घेतला होता. ते तीन फोटो त्याच रंगांच्या प्रकाशात एकावर एक पडद्यावर टाकले आणि रिबीन रंगीत झाली. तुमच्या मोबाइलचा स्क्रीन अजून हेच करतोय. खरी मजा शंभर वर्षांनी कळली. त्या काळच्या रसायनाला तांबडा रंग दिसतच नव्हता. रिबिनीच्या तांबड्या भागातून न दिसणारे अतिनील किरणही परावर्तित होत होते आणि काचेवर उमटले होते ते. म्हणजे आंधळ्या काचेनं नको ते बघितलं आणि उत्तर बरोबर आलं. मी त्या घरासमोर उभी राहून स्वतःचा फोटो काढून घेतला. आत जायचं तर आधी वेळ ठरवून जावं लागतं, आणि मी अर्थातच ठरवली नव्हती.

कॅल्टन हिलवर तर जायलाच हवं. प्रिन्सेस स्ट्रीट संपला की पायऱ्या सुरू होतात. पायऱ्यांच्या कडेला रॉक हाउस नावाचं घर लागतं, आजही कुणी तरी राहतं तिथे. फोटोग्राफी चारेक वर्षांचं बाळ असताना, १८४३ मध्ये, इथे डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल हा चित्रकार आणि रॉबर्ट अ‍ॅडमसन हा विशीतला इंजिनीअर एकत्र आले. कारण गमतीशीर आहे. त्या मेमध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली आणि चारशेहून जास्त धर्मगुरू बाहेर पडले. हिलला त्या सगळ्यांचं एक भव्य चित्र काढायचं होतं. इतके चेहरे आठवणार कसे? पुन्हा आपले ब्रूस्टरच मदतीला आले. म्हणाले, फोटो काढ. इंग्लंडमध्ये टॅल्बटच्या कॅलोटाइपला पेटंट होतं, स्कॉटलंडमध्ये नव्हतं. म्हणजे फुकट!

कॅलोटाइप म्हणजे कागदाची निगेटिव्ह. फ्लॅश नाही, दिवे नाहीत. खोलीतलं दृश्य हवं असलं तरी टेबल, खुर्ची, पडदे बाहेर उन्हात मांडायचे आणि माणसानं डोकं टेकवून स्तब्ध बसायचं. साडेचार वर्षांत दोघांनी सुमारे तीन हजार फोटो काढले. धर्मगुरू बाजूला राहिले आणि ते न्यूहेवनच्या कोळणींकडे वळले. पाठीवर माशांच्या टोपल्या घेऊन समुद्राकाठून शहरात चालत येणाऱ्या बायका, पट्ट्यापट्ट्यांचे जाडजूड घागरे, आणि चेहऱ्यावर 'घेणार असशील तर बोल' हा भाव. ससून डॉकवर गेलेल्या कुणालाही तो ओळखू येईल. त्यातले प्रिंट मी गॅलरीत बराच वेळ बघत उभी होते. कागदाच्या धाग्यांमुळे कडा जरा विरघळलेल्या, कोळशानं काढल्यासारख्या. अ‍ॅडमसन १८४८ च्या जानेवारीत गेला, सव्वीस वर्षांचा होता. हिलचं ते चित्र पुरं झालं १८६६ मध्ये. साडेचारशेच्या आसपास चेहरे आहेत त्यात आणि, खरं सांगू, फोटो बघितल्यावर चित्र बघवत नाही.

दोन डोळ्यांचं खेळणं

शेवटचा दिवस. स्टॉकब्रिज भागात जुन्या वस्तूंचं एक दुकान. चमचे, टोप्या, मोडकी घड्याळं. काउंटरवर लाकडाचं एक यंत्र होतं. खाली मूठ, पुढे सरकती पट्टी, डोळ्यांपाशी दोन भिंगं. स्टिरिओस्कोप. माझ्या व्ह्यू-मास्टरचा खापरपणजोबा.

दोन डोळ्यांमध्ये साधारण साडेसहा सेंटीमीटर अंतर असतं, त्यामुळे प्रत्येकाला जग जरासं वेगळं दिसतं. मेंदू दोन्ही चित्रं जुळवतो आणि त्या फरकातून खोली काढतो. चार्ल्स व्हीटस्टननं १८३८ मध्ये हे आरसे लावून सिद्ध केलं. १८४९ मध्ये ब्रूस्टरनं (हा माणूस सुटतच नाही!) आरशांऐवजी भिंगं लावून हातात मावेल अशी पेटी बनवली. दोघं नंतर श्रेयावरून जाहीर भांडले. इथल्या कारागिरांनी ब्रूस्टरला विचारलं नाही, म्हणून तो पेटी घेऊन पॅरिसला गेला. तिथे ती आरागो या बड्या शास्त्रज्ञाला दाखवायला नेली, तर त्याला म्हणे एकाच्या दोन वस्तू दिसत. त्यामुळे पेटीत त्याला काहीच दिसलं नाही. ही गोष्ट वाचली तेव्हा मला एकदम बरं वाटलं होतं. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात व्हिक्टोरिया राणीला पेटी आवडली आणि मग घरोघरी ती पोचली. आज या कार्डांचा एक मोठा संग्राहक कोण माहितीये? 'क्वीन' बँडचा गिटारिस्ट ब्रायन मे. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या शेजारी उभा राहून वाजवणारा!

दुकानदार आजोबांनी एक कार्ड लावलं. पिवळट पुठ्ठा, त्यावर शेजारी शेजारी दोन तपकिरी फोटो. एक दगडी पूल, खाली नदी, पुढे झाडाची फांदी. मैत्रिणीनं आधी बघितलं. तिनं हात पुढे केला आणि हवेतच काही तरी पकडायला गेली. "अगं, ही फांदी! नाकाला लागेल!"

मग मी. भिंगाला डोळे लावले. एक पूल. सपाट. पट्टी पुढे केली, मागे केली. उजवा डोळा ताणून बघितला, तेव्हा दुसरा पूल क्षणभर भुतासारखा डावीकडून तरंगला आणि विरला.

"वेल?" आजोबा म्हणाले.

जिभेवर आलं होतं, "बापरे! हो ना!"

"आय कान्ट सी इट," मी म्हणाले. "माझा एक डोळा काम करत नाही."

त्यांना वाईट वगैरे काही वाटलं नाही. त्यांनी स्टिरिओस्कोप बाजूला ठेवला, कार्ड माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, आधी नुसता डावा फोटो बघ, मग नुसता उजवा, काय फरक आहे ते सांग. मी शोधत बसले. डाव्या फोटोत फांदी पुलाच्या कमानीला चिकटलीय, उजव्या फोटोत कमान आणि फांदी यांच्यामध्ये आकाशाची बारीक फट दिसते. एका खिडकीची कड एका फोटोत आहे, दुसऱ्यात नाही. पाच मिनिटांत मी सात फरक काढले. मैत्रिणीला एकही दिसला नव्हता, तिच्या मेंदूनं ते सगळे परस्पर गिळून टाकले होते.

सूझन बॅरी या अमेरिकन न्यूरोबायोलॉजिस्टबद्दल मला माहीत आहे. लहानपणापासून तिचे डोळे तिरळे होते. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी व्यायाम करून तिला पहिल्यांदा खोली दिसली, गाडीचं स्टिअरिंग डॅशबोर्डपासून सुटून तिच्यासमोर तरंगलं. तिचा प्रकार वेगळा, माझा वेगळा. मी मुंबईला आल्यावर डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतलीय, पण फार आशा धरू नका असं त्यांनी फोनवरच सांगितलंय. तुमच्या घरात लहान मूल असेल आणि पट्टी सांगितली असेल, तर रडू दे त्याला. एवढं ऐका माझं.

कार्ड मी विकत घेतलं. स्टिरिओस्कोप परवडला नाही आणि घेऊन करायचं काय?

संध्याकाळी बाबांचा व्हिडीओ कॉल आला. भारतात रात्रीचे अकरा वाजून गेलेले, आई झोपलेली. मी कॅमेऱ्यासमोर कार्ड धरलं.

"हे व्ह्यू-मास्टरसारखंच ना?" बाबा म्हणाले. "तू किती ओरडायचीस गं तो लावून. डायनोसॉर आला, डायनोसॉर आला!"

"बाबा, मला तो कधीच दिसला नाही."

"कोण?"

"अंगावर येणारा डायनोसॉर. मी उगीच ओरडायचे."

स्क्रीनवर बाबा हललेच नाहीत. मला वाटलं नेट गेलं.

"मला तेव्हाच शंका आली होती," ते म्हणाले. मग चष्मा काढून पुसायला लागले. "ते कार्ड जरा जवळ आण. नीट दिसत नाहीये."

मी जवळ आणलं. त्यांनी एक डोळा मिटला, मग तो उघडून दुसरा मिटला.

"फांदी हलतेय," बाबा म्हणाले.